जू, कमान आणि पाचवे चाक

भेडाघाट येथे नर्मदेने संगमरवराचा डोंगर कापून जी अरुंद घळ निर्माण केली आहे, ती पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. धुआंधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर संगमरवराच्या व शंखजिऱ्याच्या मूर्ती मांडलेल्या असतात. त्यांतील एखादी वीतभर उंचीची मूर्ती हाती घेणाऱ्यास तिचे वजन प्रथम जाणवते, सौंदर्य मागाहून. या जातीच्या दगडाचे वजन घन मीटरला सुमारे २.८ टन भरते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा एकच ठोकळा घेतला, तर तो साडेआठ टनांच्या जवळपास जाईल. असा ठोकळा सुमारे वीस किलोमीटरांवरील जबलपूरला किंवा त्याहून पुढे नागपूरला न्यावयाचा झाल्यास तो कशावर ठेवावा, कशाने ओढावा, आणि खडबडीत रस्त्याचे धक्के त्याला, गाडीला व गाडी ओढणाऱ्याला कमीत कमी कसे बसतील, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे वाहन यांच्यामध्ये एक जोड असतो, व ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या साट्याखाली कमानी असतात. हे दोन भाग कारखान्यात वेगवेगळे तयार होतात, दुकानात वेगवेगळे विकले जातात आणि दुरुस्तीही बहुधा वेगवेगळ्या कारागिरांकडून होते. त्यामुळे ते परस्परांपासून स्वतंत्र आहेत असा समज सहज होतो. वस्तुतः ओझ्याचा भार ज्या वाटेने जमिनीपर्यंत पोचतो, त्या एकाच वाटेवरील ही दोन ठाणी आहेत. एका ठाण्यावर केलेला बदल दुसऱ्यावर उमटल्यावाचून राहत नाही.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी परदेशी यंत्रांकडे पाहण्याची गरज नाही. आपली दोन चाकी बैलगाडी पुरेशी आहे. गाडीवान पोती भरताना एकसारखा मागेपुढे का पाहत असतो? भार आसाच्या मागे गेला, तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलांचा गळा आवळू लागतो. भार फार पुढे आला, तर जू बैलांच्या मानेवर रुतते. जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. समजा, आसापासून जुवापर्यंतचे अंतर तीन मीटर आहे, आणि एक हजार किलोग्रॅम ओझ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे पंधरा सेंटिमीटरांवर आहे. तरफेच्या नियमाप्रमाणे जुवावर येणारा भार हजारास ०.१५ ने गुणून तीनने भागल्यास मिळेल. तो पन्नास किलोग्रॅम होतो. तेच ओझे आसाच्या मागे तितकेच सरकले, तर जू पन्नास किलोग्रॅमांच्या जोराने वर ढकलले जाईल. सगळे मिळून एका फुटाएवढे सरकणे, पण त्याने बैलाच्या मानेवरचे ओझे गळ्याचा फास बनते. गाडीवानाने हे गणित कागदावर केलेले नसते. बैल कसे चालतात यावरून त्याला ते कळते.

मोटार-वाहतुकीच्या भाषेत आपली बैलगाडी हा एक अर्ध-ट्रेलर आहे. ज्या ट्रेलरला पुढे व मागे दोन्हीकडे स्वतःची चाके असतात, तो आपला भार आपणच वाहतो. ओढणाऱ्याने त्याला केवळ ओढावयाचे असते. अर्ध-ट्रेलरला चाके मागच्या बाजूलाच असतात व त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्याच्या अंगावर टेकलेले असते. ट्रेलरसाठी परिभाषेत ‘अनुयान’ हा शब्द सुचविलेला आहे. तो सुबक आहे. पण महामार्गावरील ढाब्यापासून शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत सर्वत्र ‘ट्रेलर’ व ‘ट्रॉली’ हेच शब्द रूढ असल्यामुळे येथे तेच ठेवले आहेत.

आता ‘पाचवे चाक’ या चमत्कारिक नावाकडे वळू. अर्ध-ट्रेलरचे टोक ज्या लोखंडी तबकडीवर टेकते, तिला हे नाव आहे. ती गोल आहे, परंतु चाकासारखी रस्त्यावरून धावत नाही. नावाचा उगम घोडागाड्यांच्या काळातील आहे. चार चाकी घोडागाडीचा पुढचा आस वळता यावा म्हणून आसाच्या वर एक आडवे लोखंडी कडे बसवीत आणि गाडीचा सांगाडा त्या कड्यावर फिरे. चार उभी चाके व हे पाचवे आडवे. ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी ट्रॅक्टरमागील चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसाखाली वाकून पाहावे. तेथे हेच कडे आजही दिसते. मोटारींच्या युगात ते आडवे कडे ट्रेलरवरून निघून ट्रकच्या पाठीवर आले. नाव मात्र जुनेच राहिले.

हे स्थलांतर घडण्याच्या सुमाराची एक हकिगत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा लोहार गाड्या बनवीत असे. १९१४ साली फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याने आपली नौका फोर्ड मोटारीच्या मागे बांधून नेता येईल अशी गाडी त्याच्याकडे मागितली. फ्रूहॉफने ती करून दिली आणि त्या युक्तीने लाकूडही वाहता येते असे दिसून येताच सिब्लीने तशा आणखी गाड्या करविल्या. नौकेसाठी बनलेल्या या गाडीला फ्रूहॉफने अर्ध-ट्रेलर असे नाव दिले, व पुढे त्याच नावाने ती जगभर पसरली.

आजच्या पाचव्या चाकाची रचना साधी आहे. ट्रकच्या पाठीवर घोड्याच्या नालेसारखी जाड पोलादी तबकडी असते. तिच्या मागच्या बाजूस एक खाच असते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली एक भरीव पोलादी खुंटी खाली लोंबत असते. तिला किंगपिन म्हणतात. ट्रक मागे घेतला की खुंटी खाचेतून आत सरकते व तबकडीखालचे जबडे तिच्याभोवती मिटतात. ओढण्याचा जोर खुंटीवर येतो, भार तबकडीवर येतो. ही श्रमविभागणी फार महत्त्वाची आहे. साध्या आकड्यात एकाच लहान लोखंडी गोळ्याला किंवा कडीला दोन्ही कामे करावी लागतात. सर्वसाधारण किंगपिनचा व्यास दोन इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर असतो. अतिजड ओझ्यांसाठी साडेतीन इंचांची, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर व्यासाची खुंटी वापरतात. तबकडी पुढे-मागे झुलू शकते, त्यामुळे चढ-उतारावर ट्रक व ट्रेलर वेगवेगळ्या कोनांत राहू शकतात. साध्या प्रकारची तबकडी डाव्या-उजव्या बाजूस मात्र झुलत नाही. ट्रेलर कलंडू लागला, तर ट्रकचे वजन त्याला सावरण्यास मदत करते, व अतिरेक झाल्यास ट्रेलर ट्रकलाही बरोबर घेऊन कलंडतो.

या जोडाचा खरा फायदा त्याच्या जागेत आहे. समजा, एका ट्रकच्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये चार मीटर अंतर आहे. त्याच्या शेपटीला, मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे, आकडा लावून त्यावर एक हजार किलोग्रॅम भार टेकविला. आता ट्रक स्वतःच एक तरफ झाला. मागच्या आसावर हजार नव्हे, तेराशे किलोग्रॅम वाढले. आणि पुढच्या आसावरचे तीनशे कमी झाले. दिशा देणारी चाके रस्त्यावरून हलकी झाली, म्हणजेच वळणावर व पावसात ती चालकाची आज्ञा मानीनाशी होतात. तोच भार मागच्या आसाच्या तीस सेंटिमीटर पुढे, पाचव्या चाकावर टेकविला, तर मागे ९२५ व पुढे ७५ किलोग्रॅम वाढतात. पुढची चाके उलट अधिक घट्ट टेकतात. अमेरिकेत घरासारख्या सजविलेल्या प्रवासी ट्रेलरांच्या एकूण वजनापैकी पंधरा ते पंचवीस टक्के भार या जोडावर ठेवतात. शेपटीच्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरांना दहा ते पंधरा टक्क्यांवर थांबावे लागते. भार पुढच्या टोकावर अजिबात नको म्हणून तो मागे सरकविणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास गाडी उलाळ होते. आणि बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात, परंतु वेगाने धावणारा ट्रेलर उलाळ झाला, तर तो कुत्र्याच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो व प्रत्येक झोक्याला झुलणे वाढत जाते.

आता कमानींचा विचार. जुन्या बैलगाडीला कमान नसे. लाकडी चाक, लाकडी आस, आणि धक्का थेट साट्याला. बैलाच्या चालीत ते निभावून जाई. टायरगाडी आली तेव्हा हवेने भरलेला टायर हीच गाडीची पहिली कमान ठरली. युरोपात घोडागाड्यांना पोलादी कमानी बसविण्याच्या पद्धतीला १८०४ साली ओबडाया एलियट या इंग्रज कारागिराच्या एकस्वामुळे मोठी चालना मिळाली. ट्रक व ट्रेलर यांच्याखाली आजही बहुधा त्याच कुळातील पाट्यांची कमान दिसते: लांबीने उतरत जाणारे, किंचित वाकविलेले पोलादी पाटे एकावर एक ठेवून मध्यभागी बोल्टाने आवळलेले, आणि ‘यू’ आकाराच्या दोन बोल्टांनी आसाशी जखडलेले.

कमान कशासाठी असते? भार उचलण्यासाठी, असे उत्तर बहुधा मिळते. ते अपुरे आहे. भार एखादा लाकडी ठोकळाही उचलील. कमान ही धक्क्याला वेळ देण्यासाठी असते. चाक खड्ड्यात पडते किंवा दगडावर चढते ते क्षणार्धात; कमान दबते व उसळते, आणि त्या अवधीत साटा आपल्या जागी राहू शकतो. कमान किती मऊ आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. ओझे ठेवल्यावर ती किती सेंटिमीटर दबली ते मोजावे, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्याने पाचास भागावे. सेकंदाला साटा किती वेळा हिंदकळेल ती संख्या स्थूलमानाने मिळते. नऊ सेंटिमीटर दबणारी कमान सेकंदाला दीड-पावणेदोन हेलकावे देते. एकच सेंटिमीटर दबणारी पाच देते. पहिल्यात बसलेला मनुष्य डुलतो, दुसऱ्यात त्याचे दात वाजतात.

यावरूनच रिकामा ट्रेलर भरलेल्या ट्रेलरपेक्षा अधिक का खडखडतो, हे कळते. भरलेला असताना जी कमान आठ सेंटिमीटर दबते, ती ओझे उतरल्यावर, वजन चौथाईवर आले असता, दोनच सेंटिमीटर दबलेली राहते आणि हेलकाव्यांची गती दुप्पट होते. जड ओझ्यासाठी बनविलेली कमान हलक्या ओझ्याखाली जवळजवळ लाकडी ठोकळाच ठरते. दिवसभर एका दिशेने भरून व दुसऱ्या दिशेने रिकामे जाणाऱ्या वाहनाची ही अडचण आहे. तीवर तोडगा म्हणून मुख्य कमानीच्या वर एक लहान साहाय्यक कमान बसवितात. ती हलक्या ओझ्यात टेकतच नाही आणि ओझे वाढल्यावर मदतीला येते. हवेच्या फुग्यांची कमान त्याहून चतुर असते. ओझ्याच्या प्रमाणात फुग्यातील हवेचा दाब एक झडप आपोआप वाढविते वा घटविते, त्यामुळे साट्याची उंचीही तीच राहते व हेलकाव्यांची गतीही फारशी बदलत नाही. तिला हवा भरणारे यंत्र, नळ्या व झडपा लागतात. धुळीच्या रस्त्यावर, गावापासून दूर, एखादी नळी फुटल्यास काय करावे, हा प्रश्न तिच्याबरोबर येतो. पाट्यांची कमान कोणताही रस्त्यालगतचा कारागीर दुरुस्त करू शकतो. माझ्या मते आपल्याकडे तिचे आयुष्य अजून बरेच आहे.

कमान ‘मजबूत’ करण्याची रूढ रीत म्हणजे एक पाटा वाढविणे. येथे थोडे गणित डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. सारख्या जाडीच्या सात पाट्यांत आठवा घातला, तर कमानीचा ताठपणा सुमारे सातवा हिस्सा, म्हणजे चौदा टक्के वाढतो. पण पाट्यांची जाडी दहा मिलिमीटरांवरून बारा केली, तर काय होते? ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो १.७३ पट होतो. डोळ्यांना न जाणवणारे दोन मिलिमीटर, आणि कमान पाऊणपटीने अधिक ताठ! धक्के तितक्याच प्रमाणात वर सांगाड्यात, आणि सांगाड्यातून पुढे खुंटीकडे जाऊ लागतात. ज्याने केवळ ओझे अधिक भरता यावे म्हणून कमानी ताठ केल्या, त्याचे आस, टायर व ब्रेक होते तेच राहिलेले असतात. साखळीची एक कडी जाड केल्याने साखळी जड होते. तुटावयाची ती बारीक कडीपाशीच तुटते.

आसावर किती भार असावा हे आपल्या देशात कायद्याने ठरविलेले आहे. चार टायरांच्या एका आसासाठी पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती ११.५ टन करण्यात आली. वाढ आठव्या हिश्शाएवढी दिसते. तथापि रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते, असे १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात केलेल्या मोठ्या रस्तेचाचणीवरून आढळून आले आहे. भार दुप्पट झाला, तर झीज सोळापट. त्या हिशेबाने ११.५ टनांचा आस १०.२ टनांच्या आसापेक्षा रस्त्याची दीडपटीहून अधिक झीज करतो. मग त्या झिजलेल्या रस्त्याचे खड्डे पुन्हा कमानींना भेटावयास येतात.

एका आसाने भागत नाही तेथे दोन आस जवळजवळ बसवितात. येथे एक नवी अडचण उद्भवते. दोन्ही आस स्वतंत्र असते, तर पुढचे चाक उंचवट्यावर चढताच मागचे अधांतरी लोंबेल व सगळा भार एकाच चाकावर येईल. यावर योजलेला उपाय लहान मुलांच्या सी-सॉ सारखा आहे. दोन कमानींची जवळची टोके मध्ये टेकू असलेल्या एका लहान तुळईला जोडतात. तिला आपण समतोलक म्हणू. एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि दोन्ही चाकांवर भार जवळजवळ सारखा राहतो. ट्रेलरच्या संपूर्ण रचनेत हा समतोलक सर्वांत अधिक हलणारा, आणि बहुधा सर्वांत अधिक दुर्लक्षित भाग आहे. तो व त्याला कमानीशी जोडणाऱ्या शॅकल नावाच्या पट्ट्या ज्या बोल्टांवर फिरतात, त्यांभोवती बुश म्हणजे बारीक नळीसारखे अस्तर असते. स्वस्त ट्रेलरांत हे अस्तर प्लॅस्टिकचे असते. ते काही हजार किलोमीटरांत झिजून जाते. मग पोलाद पोलादावर घासते, बोल्ट झिजतो, शॅकलचे गोल भोक लांबट होते आणि आस आपल्या जागेवरून सरकतो. आस तिरपा झालेला ट्रेलर रस्त्यावर तिरपा चालतो व टायर एका बाजूने भराभर घासले जातात. पुष्कळदा मालक टायरांना दोष देतो.

ट्रेलर सुधारावयाचा झाल्यास प्रारंभ येथून करावा. प्लॅस्टिकच्या अस्तराऐवजी ब्राँझचे अस्तर घालावे. साध्या बोल्टाऐवजी पोटातून वंगणाची वाट असलेला बोल्ट घालावा, म्हणजे बाहेरून वंगण भरता येते. शॅकलच्या पातळ पट्ट्यांऐवजी जाड पट्ट्या घालाव्या. समतोलकाच्या मध्यभागी रबराची गादी असलेला प्रकार मिळतो. धक्क्याचा काही भाग ती गिळते. या सगळ्याने ट्रेलर एक किलोग्रॅमही अधिक ओझे उचलणार नाही, परंतु जे उचलतो ते नीट उचलील. तुटलेला पाटा वेल्डिंग करून पुन्हा बसविण्याची रीत मात्र टाकून द्यावी. कमानीचे पोलाद सिलिकॉन व मँगनीज मिसळून, तापवून, विझवून व पुन्हा बेताने तापवून लवचिक केलेले असते. वेल्डिंगच्या ज्वालेने तो सगळा संस्कार त्या जागी नष्ट होतो आणि पाटा तेथेच पुन्हा तुटतो.

आस सरळ आहेत की नाहीत हे पाहण्यास केवळ एक लांब फीत पुरते. किंगपिनच्या मध्यापासून पुढच्या आसाच्या डाव्या टोकापर्यंतचे व उजव्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्हींत तीन मिलिमीटरांहून अधिक फरक असू नये. मग दोन आसांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजून पाहावे. शाळेत समद्विभुज त्रिकोण शिकलेल्या विद्यार्थ्यास याचे कारण सांगावयास नको.

कमानीकडून आता पुन्हा जोडाकडे येऊ. खुंटी व जबडे यांच्यात झीज झाली की त्यांत फट पडते. ट्रक वेग घेतो तेव्हा खुंटी मागच्या बाजूस आदळते, ब्रेक लावतो तेव्हा पुढच्या. सिवनीच्या पुढे कुरईच्या घाटासारख्या उतारावर चालकाच्या पाठीला हे हिसके मोजता येतात. फट तर दोन-तीन मिलिमीटरांचीच असते; मग हिसका एवढा मोठा का? दहा टनांचा ट्रेलर ट्रकपेक्षा सेकंदाला अवघे दहा सेंटिमीटर अधिक वेगाने पुढे येत आहे असे समजा. त्याच्या ठिकाणी पन्नास ज्यूल ऊर्जा आहे. ती एका मिलिमीटरात थोपवावयाची, तर सरासरी पन्नास हजार न्यूटन, म्हणजे सुमारे पाच टन वजनाएवढा जोर लागतो. तीच ऊर्जा रबराच्या किंवा हवेच्या गादीने पाच सेंटिमीटरांत थोपविली, तर हजार न्यूटन, म्हणजे शंभर किलोग्रॅम वजनाएवढा जोर पुरतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे नेण्यात जे तत्त्व आहे, तेच येथे आहे. म्हणून सुधारलेल्या जोडांत खुंटी व ट्रेलर यांच्यामध्ये, किंवा तबकडी व ट्रक यांच्यामध्ये, रबर वा हवेचा फुगा बसवितात. फट मात्र गादीने बुजत नाही. दोन इंची खुंटी झिजून ४९ मिलिमीटरांवर आली की ती बदललीच पाहिजे.

आणि येथेच कमान व जोड यांचे नाते उघड होते. ट्रेलरची चाके उंचवट्यावर चढतात तेव्हा धक्का केवळ वर जात नाही. चाक क्षणभर मागे ओढले जाते आणि तो हिसका सांगाड्यातून खुंटीशी पोचतो. कमानी ताठ, समतोलक गंजलेला आणि शॅकल सैल असतील, तर कितीही उंची जोड घेतला तरी तो हिसके खातच राहील. उलट उत्तम कमानींवरील ट्रेलर झिजलेल्या खुंटीला जोडला, तर ब्रेकच्या प्रत्येक वेळी त्या कमानी पुढे-मागे ताणल्या जातील. म्हणून सुधारणा करणाऱ्याने चाकापासून प्रारंभ करून खुंटीपर्यंत यावे. बाजारात रीत उलटी दिसते. चकचकीत जोड प्रथम विकत घेतला जातो, कारण तो दिसतो.

भेडाघाटाच्या शेजारी असलेल्या जबलपूर शहराला या शास्त्राची मोठी परंपरा आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. ओढून नेण्याची तोफ हाही एक प्रकारचा अर्ध-ट्रेलरच होय: दोन चाकांवर नळी, मागे लांब पाय, पायाच्या टोकाला कडी, आणि ती कडी ओढणाऱ्या वाहनाच्या आकड्यात. घोड्यांच्या काळी मधे आणखी एक दोन चाकी गाडी असे, म्हणजे तोफेच्या पायाचा भार घोड्यांच्या अंगावर येत नसे. याच कारखान्यात तयार झालेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफांची पहिली तुकडी एप्रिल २०१९ मध्ये सैन्याच्या स्वाधीन करण्यात आली. १९६९ साली जबलपुरात लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. ‘शक्तिमान’ ट्रक व ‘जोंगा’ या गाड्या तेथून बाहेर पडत. त्या आता बनत नाहीत, परंतु ‘जोंगा’ या नावातील पहिले अक्षर जबलपूरचेच आहे.

घोड्यांवरचा भार मधल्या गाडीने घ्यावयाचा, ही जुनी तोफखान्याची कल्पना महाराष्ट्रात अगदी अलीकडे निराळ्या रूपाने अवतरली. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर भरगच्च बैलगाड्यांची रांग लागते आणि जुवाखालच्या माना सोलवटतात. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळच्या राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थेतील विद्यार्थ्यांनी २०२२ साली अशा गाडीच्या जुवाखाली, दोन बैलांच्या मधोमध, एक आधाराचे चाक बसविले. त्याला ‘सारथी’ असे नाव दिले. मानेवर येणारा भार त्या चाकातून जमिनीवर जातो. बैलांनी केवळ ओढावयाचे. म्हणजे अर्ध-ट्रेलर पूर्ण ट्रेलर झाला. ही सुधारणा कमानीची नव्हे, जोडाची आहे. आणि तीत शास्त्राचा जो भाग आहे, तो प्रत्येक गाडीवानास ठाऊक असलेल्या उलाळीच्या गणितापलीकडे जात नाही. खेरीज चाकाची उंची जुळवून घेता आली पाहिजे, कारण सगळे बैल सारख्या उंचीचे नसतात.

शेतीतील ट्रॅक्टर-ट्रॉलीकडे मात्र एवढे लक्ष कोणी दिलेले दिसत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना कमान नाही, ब्रेक नाही आणि जोडाच्या पिनेला खाली अडसर म्हणून तारेचा तुकडा किंवा लाकडाची काडी अडकविलेली असते. खड्ड्यात ट्रॉली उसळली की काडी मोडते, पिन वर येते, आणि उसाने किंवा माणसांनी भरलेली ट्रॉली उतारावर एकटी उरते. पिनेला घरंगळू न देणारी योग्य खीळ आणि जोडाशेजारून ट्रॅक्टर व ट्रॉली यांना बांधणारी एक भक्कम साखळी, यांना कमानीच्या एका पाट्याहूनही कमी खर्च येतो.

नव्या कमानी बसवून घेतल्यावर दोन गोष्टी कराव्या लागतात. ‘यू’ बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरांत सैल होतात, कारण पाटे एकमेकांवर नीट बसत जातात. म्हणून ते ठरलेल्या जोराने पुन्हा आवळावे. पाचवे चाक जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहावा, मग खाली उतरून, बॅटरीचा प्रकाश टाकून, जबडे खुंटीच्या मागे पूर्ण मिटले आहेत व तबकडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये फट नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जोडताना ऐकू येणारा खटका जबडे अर्धवट मिटले असतानाही येऊ शकतो.